बाटली आईलाही दिसली पाहिजे

बाळाला टोचण्याआधी मी लसीची बाटली आईच्या डोळ्यांसमोर धरते. तिला वाचता येत नसलं तरी धरते. सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात मी आरोग्यसेविका आहे. तरण्या पोरी मला सिस्टर म्हणतात, म्हाताऱ्या बायका नर्सबाई म्हणतात. ‘लस सुरक्षित आहे’ हे वाक्य आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं जातं आणि उपकेंद्राच्या भिंतीवरही लिहिलेलं असतं. पण जिच्या मांडीवर दीड महिन्याचं लेकरू आहे, तिचं या एका वाक्यानं समाधान होत नाही, आणि होऊ नये असंच माझं मत आहे. लस सुरक्षित कशामुळे राहते, त्यासाठी कोण काय करतं, हे तिला दाखवायला हवं. ते तिचं लेकरू आहे, आणि बघण्याचा पहिला हक्क तिचा आहे.

तर आधी डबा बघू. लसीकरणाच्या दिवशी सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून आमच्याकडे लसीचा डबा येतो. आत चारी बाजूंना चार आइसपॅक आणि मधे प्लॅस्टिकच्या पिशवीत लसीच्या बाटल्या. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. पुष्कळांना वाटतं, जितकी गार तितकी चांगली. तसं अजिबात नाही. पेंटाव्हॅलंट, डीपीटी, न्युमोकोकल आणि पोलिओचं इंजेक्शन या लसी एकदा गोठल्या की बाद झाल्या, मग त्या टोचून उपयोग नाही. म्हणून फ्रीझरमधला आइसपॅक काढून लगेच डब्यात घालत नाहीत. तो बाहेर ठेवायचा, त्याला घाम फुटू द्यायचा, कानाशी धरून हलवायचा. आत पाणी खळखळल्याचा आवाज आला की मगच तो डब्यात जातो. पोलिओच्या थेंबांचं उलटं, त्यांना थंडी चालते पण ऊन अजिबात सोसत नाही.

उन्हाचा हिशेब बाटलीवरच लिहिलेला असतो. लेबलवर किंवा झाकणावर एक जांभळट गोल असतो आणि त्याच्या मधोमध फिकट चौकोन. बाटलीला जसजशी उष्णता लागत जाते, तसतसा तो चौकोन गडद होत जातो, आणि एकदा गडद झाला की पुन्हा फिकट होत नाही. चौकोन गोलापेक्षा फिकट आहे तोवर लस चालते. दोघांचा रंग सारखा झाला की बाटली बाजूला. हे समजायला शाळा लागत नाही. ऊसतोड करणाऱ्या एका बाईनं माझ्या हातातली बाटली घेऊन उजेडाला धरली, बघितली आणि म्हणाली, ‘‘मधलं पांढरं हाय, टोचा.’’ मला फार बरं वाटलं. अशी आई उद्या दुसऱ्या गावी गेली, तरी तिथल्या सिस्टरला बाटली दाखवा म्हणेल.

बीसीजी आणि गोवर-रुबेला या लसींबाबत तर मी आणखी हळू जाते. त्या पावडरीच्या रूपात येतात आणि सोबत त्याच कंपनीचं द्रावण वेगळं येतं. दोन्ही बाटल्यांची नावं मी आईसमोर मोठ्यानं वाचते, मग मिसळते आणि बाटलीवर पेननं वेळ लिहिते. या लसी मिसळल्यापासून चार तासच वापरता येतात. त्यांत जंतुनाशक घातलेलं नसतं, त्यामुळे एखादा जंतू शिरला तर बाटलीतच वाढतो. दहाला मिसळली तर दोनला ती बाटली संपली, आत निम्मी लस शिल्लक असली तरी. सव्वादोनला कुणी बाळ घेऊन आलं तर नवी बाटली फोडायची. एकाच बाळासाठी फोडावी लागली तरी फोडायची. डोस वाया जाईल म्हणून आईला ‘पुढच्या महिन्यात या’ सांगून परत पाठवणं मला मुळीच पटत नाही. बाटली परत मिळते. रोजगार बुडवून आलेली बाई पुढच्या महिन्यात येईलच याची खात्री कुणी द्यावी?

सिरिंजचं पाकीटही आईसमोरच फोडते. ही सिरिंज एकदा दाबली की आतला दट्ट्या अडकतो, दुसऱ्यांदा ओढताच येत नाही. टोचून झालं की तिथल्या तिथे कटरनं सुई कापते.

इतकी काळजी का, याला इतिहास आहे. मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे. ती ज्यांच्या नावानं आहे त्या वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईतच तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबातल्या मलकोवाल गावात ही लस घेतलेल्यांपैकी १९ माणसं धनुर्वातानं गेली. ती सगळी एकाच बाटलीतून टोचलेली होती. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांचं पद गेलं. बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेत नव्हे, तर गावात उघडताना दूषित झाली असावी हे मान्य होऊन ते निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. आमच्या कामाचा सगळा धडा या एका घटनेत आहे असं मला वाटतं. लस प्रयोगशाळेत कितीही चांगली बनली, तरी शेवटची जबाबदारी बाटली उघडणाऱ्या हाताची असते.

हे जुनं झालं म्हणावं, तर सामोआ आहे. पॅसिफिक महासागरातला हा लहानसा देश, लोकसंख्या दोनेक लाख. २०१८ च्या जुलैत तिथे गोवराची लस दिल्यावर दोन तान्ही बाळं दगावली. चौकशीत कळलं की, पावडरीत द्रावणाऐवजी स्नायू सैल करणारं, भूल देताना वापरतात ते औषध मिसळलं गेलं होतं. लसीत दोष नव्हता, बाटली चुकली होती. पण लोकांचा विश्वास उडाला, लसीकरण कित्येक महिने बंद राहिलं. २०१९ च्या अखेरीला गोवर आला आणि त्यात ८३ जण मेले, त्यांतली बहुतेक पाच वर्षांच्या आतली लेकरं. दोन बाळांचा जीव हाताच्या चुकीनं गेला, आणि त्याच्या भीतीनं पुढे कितीतरी गेले. द्रावणाचं नाव मोठ्यानं वाचायला मला जे दोन क्षण लागतात, ते मी त्या लेकरांसाठी देते.

आता तापाचं बोलू, कारण आयांचा खरा प्रश्न तोच असतो. ‘‘काल पोरगं खेळत हुतं, सुई टोचली आन् रातभर रडलं,’’ असं सांगत एखादी आजी माझ्याशी भांडायलाच येते. आजी खोटं बोलत नसते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना जी पेंटाव्हॅलंट देतात, ती घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि मेंदूज्वर व न्यूमोनिया करणारा हिब जंतू, अशा पाच गोष्टींपासून वाचवते. तिच्यातला डांग्या खोकल्याचा भाग मारलेल्या अख्ख्या जंतूपासून बनवलेला असतो. शरीर त्याला जोरात उत्तर देतं, म्हणून पुष्कळ बाळांना त्या संध्याकाळी ताप चढतो, मांडी लाल होते, सुजते, बाळ किरकिरतं. दिवस-दोन दिवसांत हे उतरतं. खासगी दवाखान्यात ‘पेनलेस’ म्हणून जी महागडी लस मिळते, तिच्यात जंतूचे निवडक तुकडेच असतात, त्यामुळे ताप कमी येतो हे खरं. पण तिनं मिळणारं डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण लवकर ओसरतं, हेही तितकंच खरं. पैसे नाहीत म्हणून आपल्या लेकराला हलकी लस मिळाली, असं कुणी मनात आणू नये. माझ्या भावाच्या मुलांना मी उपकेंद्रातलीच दिली आहे.

तापाला पॅरासिटामॉल द्यायचं, पण बाळाच्या वजनावरून जेवढं सांगितलं तेवढंच. अंदाजानं चमचा भरायचा नाही. मांडीवर ओला गार कपडा ठेवायचा. चोळायचं नाही, शेकायचं नाही, हळद किंवा तंबाखूची मशेरी तर लावायचीच नाही. अंगावर पाजत राहायचं. गोवर-रुबेलाच्या लसीचा ताप मात्र लगेच येत नाही. तो आठवडा-दीड आठवड्यानं येतो, कधी बारीक पुरळही उठतं. तोवर आई सुई विसरलेली असते, मग घरात उगीच घबराट होते. म्हणून हे मी आधीच सांगून ठेवते. बीसीजीचं तिसरंच तंत्र. जन्मानंतर डाव्या दंडावर टोचलेल्या जागी काही आठवड्यांनी पुळी येते, फुटते, थोडं पाणी येतं आणि व्रण उरतो. त्यावर काहीही लावायचं नसतं. व्रण उठलाच नाही तरी पुन्हा बीसीजी टोचायची गरज नाही.

टोचल्यावर अर्धा तास थांबवतो तेव्हा बायका कुरकुर करतात. घरी कामं पडलेली असतात. पण या अर्ध्या तासाला कारण आहे. क्वचित, म्हणजे साधारण दहा लाख डोसांमागे एखाद्याला, जिवावर बेतणारी ॲलर्जी येते. ती आली तर काही मिनिटांतच येते. धाप लागते, ओठ-डोळे सुजतात, बाळ गळून जातं. त्यावर ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन लगेच द्यावं लागतं. ते किट आमच्या टेबलावर असतं आणि वयानुसार किती द्यायचं याचा तक्ता त्यातच असतो. किट दाखवा म्हणून आईनं विचारावं. मला त्याचा राग येत नाही, कुणालाच येऊ नये.

घरी गेल्यावर काही वेगळं दिसलं, झटका आला, बाळ थांबेचना असं तासन्‌तास रडू लागलं, पोट दुखून पाय पोटाशी घेऊ लागलं, उलट्या होऊ लागल्या किंवा शीमधून रक्त पडलं, तर रात्र असली तरी फोन करायचा. यातल्या शेवटच्या खुणा रोटाव्हायरसच्या लसीसाठी मी आवर्जून सांगते. अमेरिकेत या विषाणूवरची पहिली लस १९९८ ला आली आणि तिच्यामुळे साधारण दहा हजारांत एका बाळाचं आतडं आतल्या आत अडकतं असं दिसल्यावर १९९९ मध्येच ती बाजारातून काढली गेली. नंतरच्या लसी हाच धोका डोळ्यांपुढे ठेवून तपासल्या गेल्या, आणि त्यांच्यात तो फारच थोडा राहिला आहे. हे सांगितल्यावर आई घाबरेल असं काही सहकाऱ्यांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. लपवलेलं कळतं तेव्हा माणूस घाबरतो. गंभीर काही घडलं तर आम्ही चोवीस तासांत वर कळवतो, जिल्ह्याची समिती चौकशी करते, आणि हेही आईला ठाऊक असावं.

आता वेळापत्रक. जन्मल्या दिवशी बीसीजी, पोलिओचे थेंब आणि चोवीस तासांच्या आत कावीळ-ब. ही कावीळ आईकडून बाळाला जन्मतानाच लागू शकते, म्हणून या लसीची घाई आहे. मग दीड महिना, अडीच, साडेतीन. दीड महिन्यालाच का सुरुवात? कारण डांग्या खोकला तान्ह्या बाळालाच सगळ्यात जास्त मारतो, त्याच्या आधी पोचायचं असतं. आणि दोन डोसांत चार आठवड्यांचं अंतर का? पहिल्या डोसानं शरीर जंतूची ओळख करून घेतं, ती ओळख पक्की व्हायला तेवढा काळ लागतो. लवकर दिला तर दुसरा डोस पुरता कामाला येत नाही. उशीर झाला तर मात्र फुकट काहीच जात नाही.

दीड महिन्याला बाळाला तीन इंजेक्शनं आणि दोन तोंडावाटेच्या लसी असतात. आईला रडू येतं, आणि ते मी समजू शकते. पण प्रत्येक सुईची जागा ठरलेली आहे. डाव्या मांडीवर पेंटाव्हॅलंट, उजव्या मांडीवर न्युमोकोकल, उजव्या दंडावर पोलिओची कातडीत द्यायची छोटी सुई. त्यामुळे उद्या कुठे सूज आली तर कोणत्या लसीची, हे नुसतं बघून सांगता येतं. बाळाच्या शरीराला एका दिवसात इतक्या लसी झेपतात, हे वर्षानुवर्षं तपासून ठरवलेलं आहे. वेगवेगळ्या दिवशी दिल्या तर बाळाचे हाल तितक्या वेळा होतात आणि मधल्या काळात ते उघडं राहतं, एवढंच होतं.

गोवराची लस नऊ महिन्यांना का, हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न आहे. पोटात असताना आईकडून बाळाला गोवराविरुद्धची ताकद मिळालेली असते. ती अंगात असेपर्यंत लसच निकामी करते. ती ओसरून जाते तेव्हा बाळाला गोवराची भीती सुरू होते. नऊ महिने हा त्या दोहोंमधला नेमका काळ. तरीही पहिल्या डोसानं शंभरातली साधारण पंच्याऐंशी मुलंच पक्की होतात. दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत असतो तो उरलेल्यांसाठी, आणि कोण उरलं हे बघून कळत नाही, म्हणून तो सगळ्यांना. गोवर इतका पसरतो की, गावातल्या शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना संरक्षण असल्याशिवाय तो थांबत नाही. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीला, मग मालेगाव, भिवंडीला साथ आली, लेकरं गेली. त्यांतल्या कितीतरी घरांत लस द्यायची राहून गेली होती.

काहींनी ती ठरवून नाकारली होती. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्यात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली, तेव्हा मोबाइलवर काय काय फिरलं! मुलांना पुढे मूल होणार नाही, अमुक मुलगा मेला. अलीकडे शहरात राहून आलेल्या सुना स्वमग्नतेबद्दल विचारतात. गोवराच्या लसीनं ती होते, असा दावा इंग्लंडमधल्या एका डॉक्टरनं १९९८ मध्ये अवघ्या बारा मुलांवरून केला होता. तो दावा करणारा लेख २०१० मध्ये तो छापणाऱ्या नियतकालिकानंच मागे घेतला आणि त्या डॉक्टरची सनदही गेली. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलं तपासली गेली, लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत फरक सापडला नाही. सुनेला मी हे आकडे सांगते. शिकलेल्या बाईला पुराव्यानं उत्तर द्यावं, रागावून नव्हे.

माझ्या भागात नकारापेक्षा मोठं संकट स्थलांतराचं आहे. दिवाळी झाली की बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड मजूर येतात, साखर कारखान्याच्या आसपास त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. नवराबायको मिळून एक कोयता. पहाटे काळोखात फडावर जातात, अंधार पडल्यावर परततात. उपकेंद्रात सकाळी दहाला या म्हणून त्यांना सांगणं म्हणजे न बोलावण्यासारखंच आहे. म्हणून आशाताई आणि मी वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन डबा तिकडे नेतो, मुकादमाला आदल्या दिवशी कळवून.

तिथे एका आईकडे आठ महिन्यांची मुलगी होती, हातावर बीसीजीचा व्रणही नव्हता. बाळंतपण गावी घरीच झालेलं, कार्ड नाही. ती मान खाली घालून म्हणाली, ‘‘लय उशीर झाला ना, सिस्टर? आता नाय देत ना?’’ कुणीतरी तिला कुठेतरी तसं सांगितलं असणार. मी म्हटलं, ‘‘देते ना, ताई. वर्षाच्या आत आहे, अजून सगळं मिळतं.’’ बीसीजी, पेंटाव्हॅलंट, पोलिओचे थेंब आणि सुई, न्युमोकोकल, रोटा, सगळ्याचा पहिला डोस वर्षाच्या आत सुरू करता येतो. महिन्यानं पेंटाव्हॅलंट, पोलिओचे थेंब आणि रोटा यांचा दुसरा, आणि तेव्हा नऊ महिने भरलेले असल्यानं सोबत गोवर-रुबेला. ज्याचे दोन डोस झालेत त्याला तिसराच द्यायचा, पुन्हा पहिल्यापासून कधीच नाही. आणि कार्ड हरवलं, आठवतही नाही, तर लस दिलेली नाही असं धरून द्यायची. एखादा डोस जास्त झाला तर बिघडत नाही, राहून गेला तर बिघडतं. सर्दी-खोकला किंवा जुलाब असले तरी लस देता येते. खूप ताप असेल, बाळ खरंच आजारी असेल, तरच थांबायचं.

वरच्या वयाची गंमत अशी की, बाळ चालायला लागलं की घरचे कार्ड पेटीत टाकतात. दीड वर्षाचा डीपीटीचा बूस्टर, पाच वर्षांचा दुसरा, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी, हे राहून जातं. घटसर्प गेला असं आपण म्हणतो, पण तो गेलेला नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांनाही तो गाठतो, आणि गळ्यात पडदा धरून श्वास बंद करतो.

गळीत हंगाम संपत आला की मी कोप्यांवर पुन्हा जाते आणि प्रत्येक कार्डावर पुढची तारीख मोठ्या आकड्यांत लिहिते. गावच्या आशाचा नंबर आईकडून घेऊन तिथूनच फोन लावते, दोघींचं बोलणं करून देते. यू-विन या लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत नोंद असते, तरी मी कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो नवऱ्याच्या आणि बायकोच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये काढायला लावते. त्या फोटोवर कोणत्याही सरकारी केंद्रात पुढचा डोस मिळतो, फुकट मिळतो, मग गाव कुठलंही असो. कुणी ‘तुम्ही आमच्या हद्दीतले नाही’ म्हणालं, तर तिथून हलायचं नाही, वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटायचं मागायचं. आणि टोचण्याआधी बाटली बघायला मागायची.